कळस न पाहणारे कारागीर



आंबा लावावा आजोबांनीं आणि फळें खावीं नातवांनीं, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं आहेत. या बोलण्यांतील उदारपणा खरा आहे. तरीपण आंबा लावणाऱ्या आजोबांस आपला नातू डोळ्यांपुढें खेळतांना दिसत असतो, आणि पुष्कळदां झाडाचा पहिला पाडही त्यांच्याच हातीं लागतो. यापेक्षां अवघड असें एक दान आहे. ज्याचें फळ आपणांस नाहीं, मुलांस नाहीं, नातवांस नाहीं, तर ज्यांचीं नांवें आपणांस कळणेंही शक्य नाहीं अशा माणसांस मिळावयाचें, त्या कामास आपला पैसा व आपला घाम देणें, हें तें दान होय. असें दान मनुष्यांनीं खरोखर दिलें आहे काय? दिलें असेल तर तें शहाणपणाचें होतें, कीं नुसत्या उत्साहाचें? आणि आपलें अपुरें काम पुढील पिढ्यांच्या माथीं ठेवून जाण्याचा आपणांस अधिकार तरी काय?

या प्रश्नांचा विचार करण्यासाठीं जर्मनींतील कोलोन शहराच्या महामंदिराची कथा या लेखांत पाहूं. त्याची कोनशिला इ. स. १२४८ सालीं बसली आणि त्याच्या मनोऱ्यांवर कळस चढले ते १८८० सालीं. मध्यें ६३२ वर्षें गेलीं.

पाया

कोलोन हें ऱ्हाईन नदीच्या कांठचें, रोमन लोकांच्या काळापासूनचें जुनें शहर आहे. तेथें आर्चबिशपाचें आसन होतें व आजही आहे. ज्या मंदिरांत बिशपाचें आसन असतें त्यास कॅथीड्रल म्हणतात. आपण त्यास महामंदिर म्हणूं. ११६४ सालीं तेथील आर्चबिशपानें इटलींतील मिलान शहरांतून कांहीं अस्थि आणिल्या. बाल येशूस नमन करण्यास पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांच्या त्या अस्थि होत, अशी त्या काळच्या लोकांची श्रद्धा होती. त्यांच्यासाठीं सोन्याचांदीची एक भव्य पेटी घडविण्यांत आली, आणि तिच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू कोलोनास येऊं लागले. या यात्रेकरूंसाठीं व शहराच्या लौकिकासाठीं नवें, मोठें मंदिर असावें असा विचार सुरू झाला. १२४८ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस जुन्या मंदिराचा एक भाग पाडण्याच्या खटपटींत आग लागली व ती आटोक्याबाहेर गेली. त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं आर्चबिशप कॉनराड फॉन होख्श्टाडन यानें नव्या मंदिराची कोनशिला बसविली.

काळाची कल्पना यावी म्हणून सांगतों. त्या वेळीं आपल्या महाराष्ट्रांत देवगिरीचे यादव राज्य करीत होते, आणि ज्ञानेश्वरी लिहिली जाण्यास अद्याप बेचाळीस वर्षांचा अवकाश होता.

पहिला मुख्य कारागीर गेरहार्ड हा होता. फ्रान्समधील आमियां येथें त्या वेळीं उंच टोंकदार कमानींचें एक महामंदिर उभें राहत होतें. त्याच पद्धतीचें, पण त्याहूनही भव्य असें मंदिर त्यानें योजिलें. दगड ड्राखनफेल्स नांवाच्या, ऱ्हाईनच्याच कांठच्या डोंगरांतून काढावयाचा, होड्यांतून नदीच्या प्रवाहाबरोबर शहराकडे आणावयाचा, पाथरवटांनीं तो हातानें घडावयाचा आणि माणसांच्या बळानें वर चढवावयाचा. वाफ नाहीं, वीज नाहीं. योजिलेल्या कामाचा आकार पाहिला म्हणजे एका माणसाच्या हयातींत तें पुरें होईल असें खुद्द गेरहार्डास वाटलें असेल, हें मानणें कठीण जातें.

प्रथम उपासनेची जागा

येथें त्या जुन्या कारागिरांच्या एका शहाणपणाकडे विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. त्यांनीं सबंध मंदिराच्या भिंती एकदम हात हात उंच करीत नेल्या नाहींत. तसें केलें असतें, तर शंभर वर्षांनींही तेथें छपराखालची जागा वीतभर झाली नसती. त्यांनीं पूर्वेकडील, वेदीच्या बाजूचा भाग प्रथम हातीं घेतला आणि तेवढाच पायापासून छपरापर्यंत पुरा करावयाचें ठरविलें. गेरहार्डानंतर आर्नोल्ड व आर्नोल्डानंतर त्याचा मुलगा योहान्नेस हे मुख्य कारागीर झाले. १३२२ सालीं, म्हणजे कोनशिलेनंतर ७४ वर्षांनीं, हा भाग प्रभूच्या सेवेस समर्पण करण्यांत आला. त्याच्या आंतील छताची उंची सुमारें ४३ मीटर आहे. कोनशिलेच्या दिवशीं बापाच्या खांद्यावर बसून समारंभ पाहणारें जें मूल असेल, तेंही या समर्पणाच्या वेळीं जिवंत असतें तर पाऊणशें वर्षांचें होतें.

पश्चिमेकडील बाजू अद्याप उघडी होती. तिकडे एक भिंत घालून ती बंद केली आणि उपासना सुरू झाली. भिंत तात्पुरती म्हणून घातली होती. ती ५०० वर्षांहून अधिक काळ उभी राहिली! परंतु या काळांत बहुतेक वेळ तिच्या आंतल्या बाजूस गीतें गाइलीं जात होतीं, प्रार्थना होत होत्या. पुढील लोकांसाठीं बांधतां बांधतां त्या कारागिरांनीं आपल्या समकालीन मंडळीस उपासनेवांचून ठेविलें नाहीं.

थांबलेली यारी

त्यानंतर काम पश्चिमेकडे सरकूं लागलें. दक्षिणेकडील मनोरा चढूं लागला. १४४८ सालीं त्यासाठीं सुमारें दहा टन वजनाची घंटा ओतण्यांत आली. पण हळूहळू ओघ मंदावला. यात्रेकरूंची संख्या व त्यांच्या देणग्या कमी झाल्या. सोळाव्या शतकांत ल्यूथरच्या चळवळीनें सर्व जर्मनी ढवळून निघाली. लोकांची इमारतींविषयींची आवडही बदलली. उंच टोंकदार कमानी जुनाट वाटूं लागल्या. शेवटीं १५६० च्या सुमारास पैसा देणें बंद झालें आणि पाथरवटांच्या छिन्न्या थांबल्या.

त्या वेळची स्थिति अशी होती. पूर्वेकडे वेदीचा भाग पूर्ण उंचीचा. पश्चिमेकडे दक्षिण मनोरा, साठ मीटरांच्या आंतच तुटल्यासारखा थांबलेला. उत्तर मनोरा जवळजवळ नाहींच. दोहोंच्या मध्यें सभामंडप, त्यावर बसकें तात्पुरतें छप्पर. आणि दक्षिण मनोऱ्याच्या माथ्यावर दगड चढविण्याची एक प्रचंड लांकडी यारी. तिच्या पोटांत मोठें चाक असे. त्या चाकांत माणसें चालत, म्हणजे दोर गुंडाळला जाई व दगड वर येई. काम थांबलें तरी ही यारी कोणी उतरविली नाहीं.

ती पुढें तीनशें वर्षें तशीच उभी राहिली. या काळांत आपल्याकडे शिवछत्रपतींचा जन्म झाला, स्वराज्य उभें राहिलें, पेशवाई आली व १८१८ सालीं गेलीही. तिकडे कोलोनच्या आकाशांत यारी तेथेंच होती. शहराचें कोणतेंही जुनें चित्र पाहिलें, तर त्यांत अर्धवट मनोरा व त्यावरील ही यारी दिसते. परके लोक तिला हंसत असतील. पण ती उतरविणें म्हणजे 'हें काम आम्ही सोडलें' असें जाहीर करणें होय, आणि तसें जाहीर करण्याचें शहराच्या मनांत आलें नाहीं.

१७९४ सालीं फ्रेंच सैन्यानें कोलोन घेतलें. उपासना बंद पडली आणि मंदिराचा उपयोग दाणावैरणीच्या कोठारासारखा झाला. १८०१ सालीं तेथें पुन्हां उपासना सुरू झाली खरी, परंतु इमारत फार जीर्ण झाली होती. त्या वेळीं हें मंदिर पुरें होईल असें कोणी म्हटलें असतें, तर ऐकणाऱ्यानें त्यास स्वप्नाळू ठरविलें असतें.

चर्मपत्रावरील नकाशा

असें असतां तें पुरें झालें, त्यास एक मोठें कारण घडलें. सुमारें १२८० च्या काळांत कोणा कुशल कारागिरानें मंदिराच्या पश्चिम दर्शनी भागाचा, दोन्ही मनोऱ्यांसह, एक नकाशा काढून ठेविला होता. चर्मपत्राचे तुकडे जोडून केलेला हा नकाशा चार मीटरांहून अधिक उंच आहे. प्रत्येक खिडकी, प्रत्येक कमान, प्रत्येक टोंक त्यांत रेखिलेलें आहे. हे मनोरे उभे राहिलेले पाहण्याची आशा त्या रेखणाऱ्यास नव्हती. दर्शनी भागास तर तेव्हां आरंभही झाला नव्हता. तरी त्यानें रेघ हलगर्जीपणानें ओढिली नाहीं.

फ्रेंचांच्या स्वारीच्या धांदलींत हा नकाशा कोलोनाबाहेर गेला व त्याचे दोन भाग निरनिराळ्या ठिकाणीं पडले. १८१४ सालीं एक भाग डार्मश्टाट शहरांत एका खाणावळीच्या माळ्यावर सांपडला. त्याचा उपयोग शेंगा वाळत घालण्याकडे होत असे, असें सांगतात. गेऑर्ग मोलर नांवाच्या शिल्पज्ञानें त्याचें महत्त्व ओळखिलें. दुसरा भाग दोन वर्षांनीं पॅरिस येथें सांपडला. तो मिळविण्याच्या कामीं सुल्पित्स बॉयसरे या कोलोनच्या गृहस्थाचे श्रम कारणीं लागले. दोन्ही भाग एकत्र आले तेव्हां ५०० वर्षांपूर्वीचा कारागीर काय करूं इच्छीत होता, हें लोकांना प्रत्यक्ष दिसूं लागलें. आज हा नकाशा महामंदिरांतच जपून ठेविलेला आहे.

वर्गणीची मोहीम

नकाशा सांपडला, पण नकाशानें दगड चढत नाहींत. त्यासाठीं द्रव्य पाहिजे. १८१४ सालींच योसेफ ग्योरेस या पत्रकारानें हें महामंदिर पुरें करावें अशी हांक आपल्या पत्रांतून दिली होती. १८१५ नंतर हा प्रांत प्रशियाच्या राज्यांत आला. १८३३ सालीं त्स्विर्नर नांवाचा कर्तबगार शिल्पज्ञ मंदिराच्या कामावर आला. त्यानें प्रथम डागडुजी केली व नंतर हिशेबानिशीं दाखवून दिलें कीं, मूळ योजनेप्रमाणें मंदिर पुरें करणें शक्य आहे.

१८४२ सालीं नागरिकांनीं महामंदिर-बांधकाम-संघ स्थापन केला. त्याची वर्गणी सामान्य माणसास परवडेल अशी ठेविली होती. कोलोनबाहेर अनेक गांवीं त्याच्या शाखा निघाल्या. प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म चवथा हा स्वतः प्रॉटेस्टंट असतांही त्यानें सरकारी तिजोरींतून दरसाल ५०,००० थालर देण्याचें ठरविलें, आणि ४ सप्टेंबर १८४२ रोजीं आपल्या हातानें दुसरी कोनशिला बसविली. कोलोनच्या यहुदी सावकारांपैकींही कांहींनीं या कामास हात दिला. जर्मनींत तेव्हां लहानमोठीं अनेक राज्यें होतीं. एका देशाचें एक मोठें काम सर्वांनीं मिळून करावें, या राष्ट्रभावनेचाही त्यांत वाटा होता. शुद्ध भक्तीचाच सर्व पैसा होता असें म्हणणें खरें होणार नाहीं.

शंका घेणारेही होते. प्रसिद्ध कवि हाईन्रिख हायने हा प्रथम पॅरिस येथील शाखेचा उपाध्यक्ष होता. पण थोड्याच काळानें, १८४४ सालीं, हें मंदिर कधींच पुरें होणार नाहीं असें त्यानें आपल्या एका काव्यांत उपहासानें लिहिलें. पुढें वर्गणी कमी पडूं लागली तेव्हां सोडत काढून पैसा उभारण्यांत आला. देवाच्या घरासाठीं बक्षिसाच्या लोभाचा उपयोग करावा काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत येईल, आणि तो येणें योग्यच आहे. त्या काळीं तो मार्ग पत्करण्यांत आला व पैसा मिळाला, एवढें इतिहास सांगतो. मार्ग योग्य होता कीं काय, हें प्रत्येकानें आपल्या विवेकास विचारावें.

एकंदर खर्चाचा अर्ध्याहून अधिक भाग या संघानें, म्हणजे लोकांनीं, उचलला व बाकीचा सरकारनें.

कळस आणि त्यांतील उणीव

काम झपाट्यानें होऊं लागलें. छपरासाठीं लांकडाऐवजीं लोखंडी सांगाडा वापरला. जुना आकार ठेवून नव्या युगाची विद्या उपयोगांत आणिली. १८६३ सालीं ती 'तात्पुरती' भिंत काढण्यांत आली, आणि वेदीपासून पश्चिमद्वारापर्यंत सबंध मंदिर प्रथमच एका दृष्टींत आलें. १८६८ सालीं जुनी यारी उतरविण्यांत आली, कारण आतां मनोरा तिच्याही वर जावयाचा होता. १५ ऑक्टोबर १८८० रोजीं पूर्णतेचा समारंभ झाला. मनोऱ्यांची उंची सुमारें १५७ मीटर भरली, म्हणजे आपल्या दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या दुपटीहून अधिक. चार वर्षेंपर्यंत जगांत याहून उंच इमारत नव्हती.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, १८४२ सालीं नव्यानें मुहूर्त करणाऱ्यांपैकींही पुष्कळांनीं हा दिवस पाहिला नाहीं. ग्योरेस १८४८ सालीं वारला, बॉयसरे १८५४ सालीं, आणि राजा व त्स्विर्नर हे दोघेही १८६१ सालीं. शेवटचीं वर्षें त्स्विर्नरचा उत्तराधिकारी फॉइग्टेल यानें काम पाहिलें. काम पुन्हां हातीं घेणारेही पेरणारेच ठरले. कापणी दुसऱ्यांनीं केली.

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. त्या काळीं सरकार व कॅथोलिक मंडळी यांच्यामध्यें मोठा झगडा चालला होता. कोलोनच्या आर्चबिशपास देश सोडून जावें लागलें होतें. ज्याच्या आसनामुळें त्या मंदिरास महामंदिर म्हणावयाचें, तोच समारंभास नव्हता. सम्राट आला, पाहुणे आले, तोफा झाल्या. परंतु ज्या मंडळीचें हें उपासनास्थान, तिच्यांतील पुष्कळजण समारंभापासून दूर राहिले. सहाशें वर्षें ज्याची वाट पाहिली तो दिवस असा उजाडला! यावरून आपण हें शिकावें कीं, भिंत आणि मंडळी या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिली पुरी झाली म्हणून दुसरी आपोआप पुरी होत नाहीं.

पुन्हां राखण

कळस चढला म्हणून कथा संपली असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कोलोन शहरावर वारंवार विमानहल्ले झाले. शहराचा मध्यभाग जवळजवळ बेचिराख झाला. महामंदिरावर चौदा मोठे बाँब पडले; छताच्या कमानी कोसळल्या, खिडक्या फुटल्या. १९४३ सालीं उत्तर मनोऱ्याच्या आधारखांबास एवढें मोठें भगदाड पडलें कीं, मनोरा ढांसळण्याची भीति वाटूं लागली. तें घाईघाईनें विटांनीं बुजविण्यांत आलें. युद्धानंतर १९४८ सालीं कोनशिलेच्या सातशेंव्या वर्षीं वेदीचा भाग पुन्हां उघडला. सबंध मंदिर १९५६ सालीं. विटांचें तें ठिगळ २००५ सालापर्यंत उघडें दिसत असे. नंतर त्यावर दगड बसविण्यांत आला. १९९६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें हें मंदिर जागतिक वारशांत घेतलें.

आजही तेथें मंदिराची स्वतःची कर्मशाळा आहे. पाथरवट, सुतार, लोहार, कांचकाम करणारे असे कारागीर तेथें बाराही महिने काम करीत असतात. पाऊस, धूर व काळ यांनीं झिजलेला दगड काढावयाचा व त्याच आकाराचा नवा बसवावयाचा, हें काम कधीं संपत नाहीं. १८४२ चा तो संघ अद्याप जिवंत आहे आणि डागडुजीच्या खर्चाचा मोठा भाग तोच उचलतो. महामंदिराचें काम ज्या दिवशीं संपेल त्या दिवशीं जगाचा अंत होईल, असें कोलोनचे लोक थट्टेनें म्हणतात.

आपण काय घ्यावें

आतां आरंभींच्या प्रश्नांकडे वळूं. पुढील पिढ्यांच्या माथीं अपुरें काम ठेवण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

लूकच्या शुभवर्तमानांत प्रभु येशूनें बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत सांगितला आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा. नाहींतर पाया घालून काम अर्धवट राहिलें म्हणजे पाहणारे हंसतील. कोलोनच्या लोकांना तर तीनशें वर्षें हंसें सोसावें लागलें. मग त्यांनीं हा उपदेश मोडला काय? कांहीं अंशीं मोडला, असें प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. आपल्या द्रव्यबळाचा त्यांचा अंदाज चुकला. परंतु अनेक पिढ्यांच्या कामांत खर्चाचा अंदाज म्हणजे केवळ पैशांची बेरीज नव्हे. काम मध्येंच थांबलें तर झालेलें व्यर्थ जाऊं नये, एवढी तजवीज ठेवणें हाही अंदाजाचाच भाग आहे. ती तजवीज त्यांनीं केली होती. वेदीचा भाग पुरा असल्यामुळें काम थांबलें तरी उपासना चालूं राहिली. नकाशा स्पष्ट असल्यामुळें पुढच्यांना अंधारांत चांचपावें लागलें नाहीं. पाया भक्कम असल्यामुळें सहाशें वर्षांनीं त्यावर मनोरे चढले. त्यांनीं वंशजांवर सक्ति केली नाहीं. वंशजांनीं मनावर घेतलें तर काम पुढें नेतां येईल, अशा स्थितींत तें ठेविलें.

पवित्र शास्त्रांतही असें एक उदाहरण आहे. मंदिर बांधण्याची दावीद राजाची फार इच्छा होती; पण तें त्याच्या हातून व्हावयाचें नव्हतें. तो रुसून बसला नाहीं. त्यानें दगड घडविणारे नेमिले, लोखंड, पितळ व गंधसरू सांठविले, आणि सर्व तयारी शलमोनाच्या स्वाधीन केली. जें आपल्या हातून पुरें होणार नाहीं त्याचीही तयारी मनापासून करणें, यांत मनाचा मोठेपणा आहे.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. शेजारीं भुकेलेला असतां दगडावर दगड कां चढवावा? या आक्षेपास झटकून टाकूं नये. ज्या मंडळीचे मनोरे उंच आणि हात आंखडते, तिच्या मनोऱ्यांचें प्रभूस काय कौतुक? गार पाण्याचा एक पेलाही जो मोजतो, तो आपले हिशेब पाहणारच. म्हणून मंदिरासाठीं वर्गणी काढतांना गरिबाचा वांटा कापूं नये, आणि लहान इमारतीनें काम भागत असेल तर मोठीचा हव्यास धरूं नये. परंतु हेंही लक्षांत घ्यावें कीं, केवळ आजच्याच गरजा पाहणारा समाज उद्यांच्या गरिबास शाळा, दवाखाना वा प्रार्थनेची जागा ठेवून जात नाहीं. आजचा भुकेला आणि उद्यांचा अजून न जन्मलेला, दोघेही आपले शेजारीच आहेत. दोघांचा वांटा ठेवील तोच खरा कारभारी.

पालकांस एक विनंति आहे. मंडळीचें, शाळेचें किंवा गांवाचें कोणतेंही लांबणीचें काम निघालें, तर मुलांच्या हातून चार आणे कां होईना त्यांत घालवावे आणि हे पैसे कोणासाठीं आहेत तें त्यांना समजावून सांगावें. कोलोनच्या संघाचें बळ राजाच्या थैलींत जितकें होतें तितकेंच, किंबहुना अधिक, सामान्य घरांच्या वर्गणींत होतें. देण्याची संवय घरांत लागली म्हणजे ती पुढच्या पिढीस वारशानें मिळते. आणि ही संवय तुटली, तर भक्कम दगडही राखणीवांचून झिजून जातो.

आणि विद्यार्थ्यांनो, आपण ज्या वर्गांत बसतां त्याच्या भिंती कोणीतरी आपणांपूर्वीं बांधिल्या. ग्रंथालयांतील पुस्तकें, मैदानावरील झाडें, विहिरीचा कांठ, यांतील पुष्कळांसाठीं ज्यांनीं दिलें त्यांनीं आपलें तोंडही पाहिलें नाहीं. त्यांचें ऋण त्यांना परत करतां येणार नाहीं. तें फेडण्याचा मार्ग एकच: पुस्तक फाडूं नये, बांकावर नांव कोरूं नये, झाडास पाणी घालावें, आणि मोठे झाल्यावर आपणही असें कांहीं करून ठेवावें कीं ज्याचा उपयोग आपणांस न ओळखणाऱ्या मुलांस होईल. काम लहान असलें तरी चालेल. पण तें नीट असावें, आणि पुढच्यास समजेल असें असावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. कोलोनच्या कारागिरांनीं मंदिराचा पूर्वेकडील भाग प्रथम कां पुरा केला? त्यामुळें पुढें कोणता लाभ झाला?

२. चर्मपत्रावरील नकाशा सांपडला नसता तर १८४२ नंतरच्या कामांत कोणत्या अडचणी आल्या असत्या?

३. सोडतीनें धर्मकार्यासाठीं पैसा उभारावा कीं नाहीं? दोन्ही बाजू मांडून आपलें मत लिहा.

४. १८८० च्या समारंभांत कोणती उणीव होती? इमारत व मंडळी यांतील भेद तिच्यावरून कसा स्पष्ट होतो?

५. आपल्या गांवांत पूर्वींच्या पिढीनें आपणांसाठीं करून ठेविलेलें एक काम शोधा. तें आज कोणत्या स्थितींत आहे, त्याची राखण कोण करतो, आणि आपण त्यांत काय करूं शकाल, हें घरांतील वडील माणसांस विचारून लिहा.